बेळगावकरांचा समुद्र : वेंगुर्ला

सुट्टी जवळ आली की आपल्या बेळगावात एकच प्रश्न असतो, "गोव्याला कधी निघायचं?" गोवा आपलाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या आजोबांच्या पिढीत "दर्यावर जाऊन आलो" असं कुणी म्हटलं, तर तो दर्या वेंगुर्ल्याचा असायचा. हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण आजही वेंगुर्ला रोड म्हणतो. नाव रोज तोंडात असतं, पण बेळगावच्या रस्त्याला वेंगुर्ल्याचं नाव का पडलं हे नव्या मुलांना माहीत नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

वेंगुर्ला हे जुनं बंदर. 1637 च्या सुमारास डचांनी तिथं वखार घातली. कारण सरळ होतं. पोर्तुगीजांचा गोवा दक्षिणेला हाकेच्या अंतरावर, आणि डचांचं आरमार मांडवीच्या तोंडाशी येऊन गोव्याची कोंडी करायचं. त्या जहाजांना पाणी, धान्य आणि बातम्या पुरवायला जवळचा किनारा हवा होता. तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या 1648 मध्ये गोव्याकडे आला तेव्हा तोही वेंगुर्ल्याला उतरला होता. पुढे डच गेले, बंदर सावंतवाडीकरांकडे राहिलं आणि 1812 च्या तहानं इंग्रजांच्या हातात आलं.

इथून बेळगावचा संबंध घट्ट झाला. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, मागोमाग कॅम्प वसला. या पलटणीचा माल यायचा कुठून? मुंबईहून जहाजानं वेंगुर्ल्याला, आणि तिथून घाट चढून बेळगावला. जुनी वाट रामघाटाची. लमाणांचे बैलांचे तांडे पाठीवर गोण्या लादून त्या वाटेनं ये-जा करायचे. नंतर आंबोलीचा, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी पारपोलीचा घाट बांधला गेला आणि बैलगाड्या थेट वरखाली होऊ लागल्या. वरून कापूस, धान्य, गूळ खाली जायचं. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. आमची पणजी बाजारातून मीठ आणायला सांगताना "वेंगुर्ल्याचं आण" म्हणायची, असं आजी सांगायची. तिनं स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता, पण घरातलं मीठ कुठून येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग 1888 मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली, पुढं लोंढ्याला जोडली गेली, आणि आपला माल गाडीत बसून गोव्याकडे वळला. घाटातल्या गाड्या कमी झाल्या, वेंगुर्ल्याची पेठ थंडावली. बंदर बुडालं ते वादळानं नाही, रुळांनी! दुसरा धक्का 1 नोव्हेंबर 1956 चा. तोवर बेळगाव आणि वेंगुर्ला दोन्ही मुंबई राज्यातच. त्या दिवशी आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि त्याच रस्त्यावर शिनोळीच्या अलीकडे राज्याची हद्द आली. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल. पण माणसं ज्या रस्त्यानं पिढ्यान्‌पिढ्या गेली-आली, तो रस्ता आपण आपणहून विसरलो तर तो दोष कुठल्या सरकारचा म्हणायचा?

म्हणून सांगतो, एकदा पोरांना घेऊन जावा. हिंडलगा, शिनोळी, चंदगड, नांगरतास, आंबोली, दाणोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. पहाटे निघालं तर नाश्त्याच्या वेळेला थोडं उशिरा का होईना, पण समुद्र दिसतो. पावसाळ्यात आंबोलीत धुकं दाट असतं, गाडी सावकाश हाणा.

गावात पहिल्यांदा डच वखार बघा. छप्पर गेलंय, भिंतींत झाडांची मुळं शिरलीत. फोटो काढण्याजोगं फार नाही. पण साडेतीनशे वर्षांहून जुना तो जांभा दर पावसाळ्यात थोडा थोडा ढासळतोय. आपल्या नातवंडांना तो बघायला मिळेल याची खात्री नाही, म्हणून तो आधी. तिथून बंदरावर जावा. टेकडीवर दीपगृह आहे. हवा स्वच्छ असेल तर लांब समुद्रात खडकांची बेटं दिसतात. त्या बेटांच्या गुहांत पाकोळ्या लाळेनं घरटी बांधतात. नवाबागेचा झुलता पूल नवीन आहे, पोरांना आवडतो. पोहायचं असेल तर सागरेश्वर किंवा मोचेमाडचा किनारा. पण स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. सातेरी देवीचं दर्शन घ्यायचं, ते या गावचं ग्रामदैवत.

शेतीची आवड असणाऱ्यांनी फळ संशोधन केंद्र चुकवू नये. 1957 पासून तिथं काम चालू आहे. 'वेंगुर्ला' नावाच्या काजूच्या जाती इथल्याच. त्यातली वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 आपल्या चंदगड-खानापूर भागातल्या शेतकऱ्यांनाही नावानं माहीत आहेत. नीलम आणि हापूसच्या संकरातून झालेला रत्ना आंबा इथलाच, आणि जवळजवळ कोय नसलेला सिंधूसुद्धा. म्हणजे बंदराचा व्यापार गेला तरी वेंगुर्ल्याचं नाव घाट चढून वर येतच राहिलं, फक्त मिठाच्या गोणीऐवजी काजूच्या कलमावरून.

दक्षिणेला थोडं पुढं आरवली. तिथल्या वेतोबाला नवसाचे केळीचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात. देव रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. जयवंत दळवी याच आरवलीचे. लागूनच शिरोडा. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 इथल्या शाळेत शिकवत होते, आणि मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो याच शिरोड्याच्या मिठागरांवर. ज्या मिठाच्या गोण्या आपल्या घरात यायच्या, त्याच मिठासाठी तिथं लोकांनी लाठ्या खाल्ल्या. पणजीच्या स्वयंपाकघराचा हा धागा मला फार उशिरा, शिरोड्यात उभा असताना जुळला. शेवटी रेडीला यशवंतगड आणि 1976 मध्ये खाणीत सापडलेला द्विभुज गणपती बघून परत फिरायचं. येताना काजू, कोकम, मालवणी खाजा. आणि जाताना तिकडच्या पाव्हण्यांसाठी बेळगावचा कुंदा न्यायला विसरू नका, जुनी रीत आहे.

आपल्यापैकी अनेक घरांत आजी किंवा पणजी वेंगुर्ल्या-सावंतवाडीकडची असेल. घाटावर सून म्हणून आलेल्या या बायकांनीच नारळाचं वाटण आणि सोलकढी आपल्या स्वयंपाकघरात आणली. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, कोण कधी त्या रस्त्यानं आलं, कशासाठी आलं. जे सांगतील ते लिहून ठेवा. वखारीचे दगड आपल्याला सावरता येणार नाहीत, पण एवढं तर जमेल की नाही?