लालबागच्या चिमण्या विझल्या, मग कोळसा गेला कुठे? ‘क्लीन कोल’चा वाद समजून घ्या

लालबाग-परळच्या टॉवरांमध्ये अजूनही एखादी गिरणीची चिमणी उभी दिसते. लोक तिच्यासमोर रील काढतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा कित्येक चिमण्या या भागावर दिवसरात्र काळा धूर सोडत होत्या, कारण गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या. त्रास इतका वाढला की १९१२ मध्ये मुंबईत धुराविरोधात वेगळा कायदा करावा लागला. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज येऊ लागली आणि गिरण्या एकेक करत विजेवर गेल्या.

म्हणजे मुंबईने कोळसा सोडला? नाही. पाण्याची वीज पुढे पुरेना. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. आज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घरोघरी वीज पोहोचवते ती बेस्ट, आणि त्यातली मोठी वीज ती टाटा पॉवरकडून विकत घेते. ट्रॉम्बेचे कोळशावर चालणारे दोन संच, एक ५०० मेगावॅटचा आणि एक २५० मेगावॅटचा, त्यात आहेत. गिरगावातल्या चाळीतला पंखा असो की दादरच्या दुकानातला फ्रीज, चिमणी फक्त नजरेआड गेली.

त्यामुळे ‘क्लीन कोल’ म्हणजेच स्वच्छ कोळसा, हा शब्द बातम्यांत आला की तो चंद्रपूरचा किंवा दिल्लीचा विषय आहे असं समजायचं कारण नाही.

स्वच्छ म्हणजे नक्की काय?

इथेच सगळा घोळ आहे. क्लीन कोल नावाचं एक यंत्र नसतं. कोळसा धुऊन त्यातली राख कमी करणं, जास्त दाबाच्या वाफेवर चालणारे ‘सुपरक्रिटिकल’ संच बसवून तेवढ्याच विजेला कमी कोळसा जाळणं, धुरातली राख विजेच्या भाराने पकडणं, धुरातला सल्फर काढणं, कोळशाचा गॅस बनवणं, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली गाडणं, हे सगळं या एका नावाखाली येतं. यातल्या काही गोष्टी अनेक दशकं चालू आहेत, काही अजून प्रयोगाच्या पुढे फारशा गेलेल्या नाहीत. जाहिरातीत मात्र सगळं एकाच दमात सांगितलं जातं.

सल्फरचंच घ्या. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. तो काढणाऱ्या यंत्रणेला एफजीडी म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यासाठी चुनखडी वापरतात आणि शेवटी जिप्सम हाती लागतं. ट्रॉम्बेत वेगळी पद्धत आहे. समुद्राचं पाणी मुळातच थोडं अल्कधर्मी असतं. धूर त्या पाण्यातून नेला की वायू पाण्यात विरघळतो, मग पाण्यात हवा सोडून त्याचं सल्फेट करतात आणि ते पाणी पुन्हा खाडीत जातं. सल्फेट समुद्रात आधीपासूनच भरपूर असतं, म्हणून हे चालतं. ट्रॉम्बेत अशी यंत्रणा ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बसली. देशातल्या पहिल्या एफजीडींमध्ये ती मोजली जाते.

डहाणूने काय केलं?

ट्रॉम्बेत हे तुलनेने शांतपणे झालं, डहाणूत भांडून झालं. मुंबईच्या उपनगरांना वीज देणारं डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं. तेव्हा ते बीएसईएसचं होतं, पुढे रिलायन्सकडे आणि मग अदानींकडे गेलं. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. चिकूच्या बागा, भातशेती, मासेमारी आणि आदिवासी पाडे यांच्या मधोमध कोळसा जळणार, म्हणून स्थानिक लोक आणि पर्यावरण कार्यकर्ते कोर्टात गेले.

सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. प्राधिकरणाने १९९९ मध्ये एफजीडी बसवायचा आदेश दिला. यंत्रणा प्रत्यक्षात सुरू झाली २००७ मध्ये! मधली आठ वर्षं सुनावण्या आणि कोर्टकचेरीत गेली, आणि प्राधिकरणाने कंपनीकडे बँक गॅरंटी मागितल्यावर गाडी हलली. तंत्रज्ञान तर आधीपासून तयार होतं, ट्रॉम्बेत चालूही होतं. अडत होतं ते खर्चापाशी.

मग देशभर का नाही?

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सगळ्याच कोळसा केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली. मुदत होती दोन वर्षांची. ती वाढत राहिली. जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना आली आणि देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना एफजीडीच्या सक्तीतून सूट मिळाली. दिल्ली परिसर किंवा १० लाखांहून जास्त वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र ती बसवावीच लागेल, ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांबाबत निर्णय एकेक प्रकरण पाहून होणार.

सरकारच्या बाजूचं म्हणणं असं: भारतीय कोळशात सल्फर मुळात कमी, शहरांच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेत, आणि चुनखडी खणणं, वाहून नेणं, यंत्रणा चालवणं यातून उलट कार्बन वाढतो. शिवाय खर्च शेवटी बिलात येतो. सूट दिल्याने युनिटमागे २५ ते ३० पैसे वाचतील, असा उद्योगक्षेत्राचा अंदाज तेव्हा बातम्यांत होता.

विरोधकांचा मुद्दा रसायनशास्त्राचा आहे, आणि तो सहज उडवून लावता येत नाही. हा वायू हवेत वायू म्हणून राहत नाही. तो शेकडो किलोमीटर जातो, वाटेत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो आणि पीएम २.५ म्हणून फुफ्फुसात शिरतो. त्यामुळे वीजकेंद्राजवळच्या मीटरवर फक्त वायू मोजून ‘सगळं ठीक’ म्हणणं अपुरं आहे. १० किलोमीटरची रेषाही कागदावरच राहते, वारा ती पाळत नाही.

आणि कार्बन?

एफजीडी कितीही चांगली असली तरी कार्बन डायऑक्साइडला हात लावत नाही. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. सुपरक्रिटिकल संचात तो थोडा कमी होतो, संपत नाही. तो पकडायचे प्रयोग झालेत. कॅनडात बाउंड्री डॅम केंद्रात २०१४ पासून यंत्रणा चालू आहे, पण ठरवलेलं लक्ष्य ती वारंवार चुकली. अमेरिकेत टेक्सासमधला पेट्रा नोव्हा प्रकल्प २०२० मध्ये तेलाचे भाव पडल्यावर बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. पकडलेला वायू तिथे तेलविहिरीत सोडून आणखी तेल काढतात. स्वच्छतेचा हिशेब जरा गमतीशीरच.

ट्रॉम्बे बंद का करत नाहीत?

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरची ग्रिड कोसळली तर शहराला वेगळं करून चालू ठेवणारी ‘आयलँडिंग’ यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही. शहरात वीज तयार व्हायलाच हवी, हा युक्तिवाद तेव्हापासून जास्त जोरात होतो. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या, टॉवर टाकायला जागा नाही, आणि मागणी वाढतेय: एसी, मेट्रो, डेटा सेंटर. बेस्ट आणि टाटा पॉवरचा करार मार्च २०२४ मध्ये संपणार होता, तो पाच वर्षांनी वाढवला गेला.

ट्रॉम्बेच्या शेजारी माहुल आहे. प्रकल्पग्रस्तांना तिथे घरं दिली गेली आणि रहिवासी वर्षानुवर्षं दमा, त्वचारोगाच्या तक्रारी करत आले. तिथे रिफायनऱ्या, रसायनांच्या टाक्या, वाहतूक सगळंच आहे, त्यामुळे किती दोष कोळशाचा हे वेगळं काढणं सोपं नाही. पण लालबागच्या चिमणीखालचे लोक निदान ज्या धुराचा त्रास सोसत, त्याच गिरणीत पगार घेत होते. माहुलच्या धुराजवळची वीज जळते परळ-दादरच्या दिव्यांत.

वाढवलेला करार मार्च २०२९ ला संपतो. तोवर नव्या वाहिन्या किती पूर्ण होतात, यावर पुढची मुदतवाढ ठरेल.