मौनाची शपथ मोडणारा कैदी

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या चौकात एके काळी एक भव्य वाडा होता. मुळात तो आदिलशाहीतला. पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय त्यात राहत आणि १५६० नंतर तो इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या ताब्यात गेला. आसपासची कोकणी माणसं त्याचं नाव घ्यायची नाहीत, नुसतं ‘व्हडलें घर’ म्हणायची. १८१२ मध्ये न्यायालय कायमचं बंद झालं, त्यानंतर काही वर्षांत वाडाही पाडला गेला. आज तिथे पर्यटकांच्या गाड्या थांबतात.

इमारत गेली याचं मला फारसं वाटत नाही. चुटपुट लागते ती दफ्तराची. अडीचशे वर्षं या न्यायालयाने माणसं धरून आणली, प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली, त्यावर सह्या घेतल्या. कारकुनी बाबतीत ही मंडळी अतिशय चोख होती. त्यातलं गोव्यात जे साचलं होतं, ते न्यायालय मोडताना बहुतांशी जाळून टाकण्यात आलं. लिस्बनला पाठवलेला पत्रव्यवहार उरला. जुआंव देल्गादु फिगैरा या इन्क्विझिटरने १६२३ पर्यंतच्या खटल्यांची केलेली सूचीही तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक नोंदी आहेत. नाव, आरोप, शिक्षा, बस. एका माणसाला दोन-तीन ओळी. १५६१ ते १७७४ या काळातल्या खटल्यांचा एकूण आकडा १६,२०२ असा दिला जातो. पण आकडा बोलत नाही. त्या खोल्यांत बसून काय वाटत होतं, हे सांगायला आतून बाहेर आलेला आणि लिहू शकणारा माणूस लागतो.

असा एक माणूस आहे. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य. १६६८ मध्ये, विशीच्या आतबाहेर असताना, तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे निघाला. मादागास्कर, सुरत, मलबार असा फिरत फिरत तो १६७३ मध्ये दमणला आला आणि तिथे वैद्यकी करू लागला. त्या काळी युरोपियन वैद्याला पोर्तुगीज वसाहतींत मान होता, घराघरांत प्रवेश होता. हाच प्रवेश त्याला भोवला. दमणच्या गव्हर्नरची मर्जी ज्या स्त्रीवर होती, तिच्याकडे याचं जाणंयेणं होतं, असं तो स्वतःच लिहितो. मत्सर हे आपल्या अटकेचं खरं कारण, असं त्याचं ठाम मत होतं. असेलही. पण मत्सराला सरकारी कागदावर यायला धर्माचा वेश घ्यावा लागला, ही खरी लक्षात ठेवायची गोष्ट.

आणि तसा वेश शिवायला कापड देलाँनेच पुरवलं होतं. तरुण, वाचलेला, वाद घालायची खोड असलेला माणूस. बाप्तिस्म्याच्या प्रकारांवरून त्याने एका पाद्र्याशी हुज्जत घातली. दमणमध्ये धर्मादायासाठी पेट्या घेऊन लोक दारोदार फिरत, पेटीवर संताचं चित्र असे आणि दान देणाऱ्याने त्या चित्राचं चुंबन घ्यावं अशी रीत होती. हा पैसे टाकी, चुंबन घेत नसे. हस्तिदंती क्रूसाबद्दल काहीतरी बोलून गेला. सर्वांत वाईट म्हणजे, इन्क्विझिटरही माणसंच आहेत, त्यांचीही चूक होऊ शकते, असं म्हणाला. हे सगळं बोलणारा माणूस पक्का कॅथलिक होता आणि मरेपर्यंत तसाच राहिला. आपल्याविरुद्ध कुजबुज सुरू आहे हे कळल्यावर तो आपण होऊन दमणमधल्या इन्क्विझिशनच्या प्रतिनिधीकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. आधी कबुली दिली तर अटक होत नाही, असा नियम होता. नियम होता, पण ऑगस्ट १६७३ मध्ये त्याला अटक झालीच.

दमणचा तुरुंग, मग बेड्या घालून वसई, आणि वसईहून जहाजाने गोवा. १४ जानेवारी १६७४ रोजी तो गोव्याला पोहोचला आणि दोन दिवसांनी व्हडल्या घरात गेला. सनावळी मराठी वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. पुढच्या वर्षी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला. तुरुंगाच्या भिंतींपलीकडे एवढं घडत होतं. देलाँच्या कोठडीत त्यातलं काहीही पोहोचलं नाही. तिथे काहीच पोहोचत नसे.

त्याच्या वर्णनातला सर्वांत अंगावर येणारा भाग मला यातनागृहाचा वाटत नाही. वाटतो तो शांततेचा. कोठड्या लहान, चौकोनी, चुना लावलेल्या. खाणं नियमित. एतद्देशीय कैद्यांना सकाळी पेज मिळे, तिचा उल्लेख तो ‘कांजे’ म्हणून करतो. आजारी पडलं तर वैद्य येई. फक्त बोलायचं नाही. शेजारच्या कोठडीशी तर नाहीच, पण स्वतःशीही मोठ्याने नाही. मोठ्याने रडायचं नाही, मोठ्याने प्रार्थनाही करायची नाही. देवाच्या नावाने चालवलेल्या तुरुंगात देवाला हाक मारल्याबद्दल पहारेकरी मारत. एवढी माणसं एका छपराखाली असून घर रिकामं वाटे, असं तो सांगतो. पहाटे मात्र कधीकधी यातना दिल्या जाणाऱ्यांचा आवाज येई.

आणि या मुक्या घरात कैद्याकडून एकच गोष्ट हवी असे, त्याने बोलावं. आरोप काय आहे हे त्याला सांगत नसत. साक्षीदार कोण हेही नाही. तुझा गुन्हा तूच आठव आणि तूच सांग. देलाँ पहिल्या सुनावणीला मुख्य इन्क्विझिटर फ्रान्सिश्कु देल्गादु इ मातुश याच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि सगळं सांगायला तयार झाला, तेव्हा त्याला उत्तर मिळालं की घाई नाही. परत कोठडी. पुढच्या खेपेला घराणं विचारलं, प्रार्थना म्हणायला लावल्या. आठवेल तेवढं त्याने सांगितलं, पण इन्क्विझिशनबद्दल काय बोललो होतो हे नेमकं त्याला आठवलं नाही, आणि न्यायालयाला नेमकं तेच हवं होतं. न आठवणं म्हणजे लपवणं, असा तिथला हिशेब होता.

या पद्धतीत निरपराध माणूस सर्वांत जास्त अडकतो, हे देलाँने फार बारकाईने मांडलं आहे. ज्याने खरोखर गुपचूप काही केलं असेल, त्याच्याजवळ कबूल करायला काहीतरी असतं. सोबत कोण होतं, ही नावंही त्याच्याकडे असतात. ज्याने काहीच केलं नाही, त्याला आधी गुन्हा रचावा लागतो, मग साथीदार. जीव वाचवायचा तर आपल्यावर कोणी साक्ष दिली असेल याचा अंदाज बांधून तेवढी नावं घ्यावी लागतात. अंदाज चुकू नये म्हणून जास्त नावं घेतली जातात. मग ती माणसं धरली जातात आणि तीही अंदाज बांधू लागतात. एक तुरुंग असा स्वतःच स्वतःला कैदी पुरवत राहतो. वैद्याने रोगाचा प्रसार लिहावा तसं त्याने हे लिहिलं आहे.

तो स्वतः खचला. उपास करून मरायचा प्रयत्न केला. मग लपवून ठेवलेलं एक नाणं घासून धार लावली आणि शिरा कापून घेतल्या. रक्त काढणं हा ज्याचा व्यवसाय, त्याचा हात चुकण्याची शक्यता कमी, तरी वेळेवर लक्ष गेलं आणि तो वाचला. त्यानंतर काही दिवस हातांना बेड्या.

१२ जानेवारी १६७६. दोन वर्षं पुरी व्हायला दोन दिवस कमी. अपरात्री कोठडी उघडली, कपडे देण्यात आले आणि त्याला एका लांब दालनात नेलं. अंधुक दिव्याखाली माणसं भिंतीला टेकून उभी होती, सुमारे दोनशे. कोणी हलत नव्हतं. सगळ्यांवर सांबेनितु चढवले गेले, म्हणजे पुढेमागे क्रूस रंगवलेला पिवळा झगा. ज्यांना जाळायचं त्यांचा झगा वेगळा, त्यावर ज्वाळा रंगवलेल्या. कुणाला काय मिळतं याकडे सगळ्यांचे डोळे. देलाँला पिवळा झगा मिळाला, पण त्याचा अर्थ त्याला खात्रीने कळत नव्हता. पहाटे पाव आणि अंजिरं वाटली (‘अंजीर’ म्हणजे त्या काळच्या इथल्या पोर्तुगीजांच्या तोंडी बहुधा केळी). त्याला घास जाईना. तेव्हा एक पहारेकरी जवळून जाताना म्हणाला, की आत्ता नको तर पाव खिशात ठेव, परत येईपर्यंत भूक लागेल. ‘परत येईपर्यंत’ या शब्दांवरून देलाँला कळलं की आज आपण मरणार नाही. दोन वर्षांत कोणीही त्याला एवढी माहिती दिली नव्हती. त्या पहारेकऱ्याने ते मुद्दाम सांगितलं की सहज, याचा मी बऱ्याचदा विचार करतो. मुद्दाम सांगितलं असेल, तर नियम मोडून सांगितलं.

मग सेची मोठी घंटा, रस्त्यावर दुतर्फा गर्दी, मेणबत्ती हातात घेऊन अनवाणी मिरवणूक, दगडांनी रक्ताळलेले पाय आणि सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये तासन्‌तास निकालवाचन. आपल्यावर नेमका काय आरोप होता, हे देलाँने तिथे पहिल्यांदा संपूर्ण ऐकलं. मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार, पोर्तुगालात पाच वर्षं सक्तमजुरी. त्या दिवशी एक पुरुष आणि एक स्त्री यांना नदीकाठी जिवंत जाळण्यात आलं. आधीच मेलेल्या काहींच्या अस्थीही पेट्यांत भरून आणल्या होत्या. गोव्याला हे नवीन नव्हतं. वनौषधींवरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये मेला. त्याच्या बहिणीला पुढच्या वर्षी जाळलं आणि त्याची हाडं १५८० मध्ये उकरून जाळली.

सुटताना देलाँकडून शपथ घेतली गेली, इथे जे पाहिलं-ऐकलं ते कुणाला सांगणार नाही. लिस्बनला काही महिने मजुरी केल्यावर पोर्तुगालच्या राणीच्या फ्रेंच वैद्याने शब्द टाकला आणि १६७७ च्या जूनमध्ये तो मोकळा झाला. पुस्तक आलं त्यानंतर दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, लायडन शहराचं नाव छापून, लेखकाचं नाव न देता. श्रद्धाळू माणसाने दहा वर्षं शपथेशी झगडावं आणि मग ती मोडावी, हे मला त्याच्या इतर कुठल्याही धाडसापेक्षा मोठं वाटतं. लगेच भाषांतरं झाली, चित्रं निघाली. युरोपात प्रोटेस्टंटांनी ते कॅथलिकांविरुद्ध हत्यार म्हणून वापरलं, जो त्याचा हेतू नव्हता.

अशा पुस्तकावर विश्वास किती ठेवायचा? शंका रास्त आहे, आणि तिला एक अनपेक्षित उत्तर मिळालं. १८०८ मध्ये क्लॉडियस ब्यूकॅनन हा स्कॉटिश पाद्री गोव्याला आला आणि एका इन्क्विझिटरचाच पाहुणा म्हणून राहिला. त्याने देलाँचं पुस्तक यजमानाच्या हातात दिलं. इन्क्विझिटरने ते उत्सुकतेने वाचलं, अधूनमधून खोटं आहे, खोटं आहे, असं लॅटिनमध्ये ओरडला. पण नंतर विचारल्यावर त्याने मान्य केलं, की कोठड्या, यातना, खटल्याची रीत आणि मिरवणूक यांचं वर्णन साधारणपणे बरोबर आहे; फक्त इन्क्विझिटरांच्या हेतूंबद्दल लेखकाने अन्याय केला आहे. कोठड्या दाखवा म्हटल्यावर मात्र त्याने ब्यूकॅननला दाद दिली नाही. ब्यूकॅनन काही तटस्थ नव्हता, जगन्नाथाच्या यात्रेवरही त्याने तितक्याच त्वेषाने लिहिलं आहे. पण आरोपीनेच साक्ष खरी म्हटल्यावर साक्षीदाराच्या स्वभावाला फारसं महत्त्व उरत नाही.

मराठी माणसाच्या दृष्टीने यात आणखी एक दुवा आहे. १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये ‘द गोवा इन्क्विझिशन’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि देलाँ व ब्यूकॅनन या दोघांची साक्ष त्यात पुन्हा छापली. प्रियोळकर ज्या प्रियोळचे, ते गाव फोंडा महालातलं. कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास नदी ओलांडून तिथेच आणला गेला. नदी ओलांडू शकले ते देव आणि त्यांच्यामागून गेलेली माणसं. ओलांडू न शकलेल्यांचं काय झालं, हा प्रश्न त्यांच्या गावाच्या मातीतच होता.

देलाँकडे त्याचं उत्तर नाही, आणि इथे मला त्याच्याशी थोडं भांडावंसं वाटतं. मिरवणुकीतले बहुतेक कैदी एतद्देशीय ख्रिस्ती होते. फिगैराच्या सूचीतही सर्वांत मोठा गट जुने हिंदू आचार पाळल्याचा आरोप असलेल्यांचा आहे. हे आचार म्हणजे काय, ते १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात वाचायला मिळतं. अंगणात तुळस नको. एकादशी नको. पुरुषांनी पुडवें नेसू नये, बायकांनी हिंदू पद्धतीची चोळी घालू नये, भात मीठ न घालता शिजवू नये. धर्म बदलून पिढ्या गेल्या तरी आजीच्या हाताची सवय उरते, आणि ती सवय गुन्हा ठरते. देलाँ या माणसांच्या रांगेत चालला, त्यांच्यासारखाच झगा घालून. पण त्यांच्या मनात काय होतं, हे त्याने विचारलं नाही. विचारणं शक्यही नव्हतं म्हणा, बोलायला बंदी होती. तरीही जादूटोण्याचे आरोप असलेल्यांबद्दल तो लिहितो, तेव्हा त्याच्या सुरात सहकैद्याची माया कमी आणि युरोपियन प्रवाशाची तटस्थता जास्त आहे. धर्मस्वातंत्र्य हा शब्दही त्याच्या मनात नसावा. त्याची तक्रार एवढीच होती, की मी चांगला कॅथलिक असताना मला का धरलं.

गोव्याच्या राज्य संग्रहालयाच्या संग्रहात इन्क्विझिशनच्या काळातलं एक कोरीव टेबल आणि उंच पाठीच्या खुर्च्या आहेत. पणजीच्या फोंताइन्यशमधल्या सेंट सेबॅस्तियनच्या चॅपेलमध्ये व्हडल्या घरातून आलेला म्हणतात तो क्रूस आहे, त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. विचारणाऱ्यांचं सामान असं शिल्लक आहे. ज्यांना विचारलं गेलं त्यांच्यापैकी लिस्बनच्या त्या सूचीत प्रत्येकाचं एक नाव उरलं आहे, तेही बाप्तिस्म्यात मिळालेलं.