इ.स. १९७२ मधील मराठी दूरचित्रवाणी

इ.स. १९७२ हे मराठी दूरचित्रवाणीचे आरंभवर्ष होय. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले आणि मराठी भाषेतील कार्यक्रमांचे नियमित प्रसारण होऊ लागले. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र होते. मात्र त्या वर्षी प्रसारणाचा लाभ मुंबई व तिच्या परिसरापुरताच मर्यादित राहिला. विदर्भ आणि मराठवाड्यातील बहुतांश भागाला त्यासाठी दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली.

पार्श्वभूमी

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. दिल्ली केंद्राच्या आरंभीच्या काळात पु. ल. देशपांडे यांनी तेथे काम केले होते. १९६५ मध्ये दिल्लीचे प्रसारण दैनंदिन झाले; तथापि १९७२ पर्यंत देशात दुसरे केंद्र नव्हते. त्या काळी दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी तो विभक्त होऊन 'दूरदर्शन' ही स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात आली.

केंद्र व कार्यक्रम

मुंबई केंद्र वरळी येथे आहे. आरंभीचे प्रसारण कृष्णधवल होते. संच बाळगण्यासाठी आकाशवाणी संचाप्रमाणेच परवाना घ्यावा लागत असे. केंद्रावरून मराठीसह हिंदी व गुजराती कार्यक्रमही होत. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', रंजनासाठी 'गजरा' आणि साहित्य-कलाविषयक 'प्रतिभा आणि प्रतिमा' हे केंद्राच्या पहिल्या पर्वातील गाजलेले मराठी कार्यक्रम होत. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा हिंदी मुलाखतींचा कार्यक्रमही १९७२ मध्येच सुरू झाला. आरंभीच्या काळातील वृत्तनिवेदकांत विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांचा समावेश होतो.

प्रक्षेपणाची मर्यादा

दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात व क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. त्यामुळे घाटमाथ्यापलीकडे चित्र नेण्यासाठी सहप्रक्षेपण केंद्राची आवश्यकता होती. असे केंद्र १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर उभारण्यात आले.

१९७२ हे महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचेही वर्ष होते. शेतीविषयक मार्गदर्शनाची निकड कोरडवाहू प्रदेशांत सर्वाधिक असताना मुंबईहून होणारे प्रसारण तेथे दिसू शकत नव्हते. मुंबईपासून रस्त्याने चारशे किलोमीटरहून अधिक दूर असलेला बुलढाणा जिल्हा हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील श्रोत्यांसाठी आकाशवाणी हेच प्रसारणाचे साधन राहिले. विदर्भातील नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ पासून कार्यरत होते. मध्यम लहरींचा पल्ला मोठा असल्याने खेड्यापाड्यांत ध्वनी पोहोचत होता, चित्र नव्हे.

उत्तरकाल

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांत झाला. त्यांत शेजारच्या मध्य प्रदेश, कर्नाटक व आंध्र प्रदेशाचा समावेश होता, महाराष्ट्राचा नव्हता. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी रंगीत प्रसारणासही आरंभ झाला. पुढे १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले. जिल्ह्याच्या ठिकाणी उभारलेल्या अशा प्रक्षेपकांवरून प्रथम मुख्यत्वे दिल्लीचे कार्यक्रम दिसत. परिणामी मराठी मुलखातील अनेक गावांत दूरचित्रवाणीचा पहिला परिचय मराठीतून न होता हिंदीतून झाला. मुंबई केंद्राच्या मराठी उपग्रह वाहिनीला पुढे 'सह्याद्री' हे नाव मिळाले.

महत्त्व

नाटक, साहित्य, लोककला आणि शेती या विषयांना १९७२ मध्ये मराठी दृश्यमाध्यम लाभले. त्याचबरोबर महानगर आणि ग्रामीण महाराष्ट्र यांतील माध्यमविषयक अंतरही याच वर्षापासून दृग्गोचर झाले. म्हणून मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास अभ्यासताना कार्यक्रमांइतकेच प्रक्षेपणक्षेत्रही विचारात घ्यावे लागते.

हेही पाहा

दूरदर्शन
सह्याद्री वाहिनी
आकाशवाणी
१९७२ चा महाराष्ट्रातील दुष्काळ