दोन आणे आणि चाळीस टक्के

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. संध्याकाळी साक्री तालुक्यातल्या आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सरकारी पीडीएफ फिरायला लागली. ती इंग्रजीत होती, म्हणून मामांनी मला पुण्यात फोन लावला. "भाचा, मोबाईलमा काय आयेल शे, वाची सांग."

मी वाचून सांगितलं. कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के कर, आजपासून, ३१ डिसेंबरपर्यंत. मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हाऊ टॅक्स कोन भरी?"

कागदावर उत्तर सोपं आहे. कर निर्यातदार भरतो, बंदरावर, माल जहाजात चढण्याआधी. पण मामांना कागदावरचं उत्तर नको होतं. त्यांच्या चाळीत एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा होता. चाळीत कांदा ठेवणं म्हणजे पैज असते. काही सडतो, काही वजनात घटतो, पण ऑगस्ट-सप्टेंबरला आवक कमी झाली की भाव चढतो आणि घट भरून निघते. ती पैज जिंकायची वेळ आली आणि नेमका तेव्हा कर आला.

सोयीसाठी आकडे धरून बघू. बंदरावर कांदा २० रुपये किलोला पडतो. त्यावर चाळीस टक्के म्हणजे ८ रुपये. दुबईच्या खरेदीदाराला तो आता २८ला द्यायला हवा. पण त्याला पाकिस्तानचा कांदा २४ला मिळत असेल, तर तो २८ का देईल? मग निर्यातदाराला विकायचं असेल तर तो मागे वळतो आणि बाजार समितीतल्या लिलावात बोलीच खाली आणतो. जो माल बाहेर जाणारच नाही तो देशातल्या बाजारात येऊन पडतो आणि भाव आणखी खाली ओढतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा एकही कांदा बंदरापर्यंत गेला नाही, तोही हा कर भरतो. फक्त त्याला पावती मिळत नाही.

मामांना मी हे असंच सांगितलं. नंतर मात्र तो प्रश्न मला सोडेना, आणि मी मागे मागे वाचत गेलो. खानदेशात हा प्रश्न कांद्याच्या आधी कापसाने विचारलेला आहे. आणि पहिल्या वेळी आपण पलीकडच्या बाजूला होतो. अडवलेला माल दुसऱ्याचा होता आणि फायदा आपला.

अमेरिकेची राज्यघटना १७८७मध्ये लिहिली जात होती, तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. निर्यातीवर कर लावायचा नाही. तंबाखू, तांदूळ असा बाहेर जाणारा शेतमाल मुख्यतः त्यांचा, त्यामुळे असा कर लागला तर तो आपल्याच खिशातून जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. (मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सव्वादोनशे वर्षं आधी काढलं होतं. त्यांची शेती गुलामांच्या पाठीवर चालत होती, हेही विसरायला नको.) ते कलम आजही त्या घटनेत आहे.

गंमत पुढे आहे. १८६१मध्ये हीच दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली. नव्या सरकारला लढाईसाठी पैसा हवा होता. त्या सरकारने फेब्रुवारीतच एक कर्ज काढलं आणि ते फेडण्यासाठी कापसाच्या निर्यातीवर पौंडामागे एक अष्टमांश सेंट कर लावला. शिवाय मळेवाल्यांनी कापूस आपणहून अडवून धरला. इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावाचून तडफडतील आणि इंग्लंड आपल्या बाजूने लढाईत उतरेल, असा हिशेब होता. नंतर लिंकनच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली, तेव्हा अडवून धरण्याची मौजही संपली. कर फारसा गोळा झालाच नाही, आणि गिऱ्हाईकाने दुसरं दुकान शोधलं.

ते दुसरं दुकान म्हणजे आपण. मुंबईहून जाणाऱ्या कापसाला वेडा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे थळ घाट चढून खानदेशातून भुसावळकडे सरकत होती. जळगाव मोठी कापूसपेठ म्हणून वाढलं ते याच वर्षांत. ज्या रानात ज्वारी-बाजरी होती तिथे कपाशी आली, आणि व्यापाऱ्यांचा पैसा पीक उभं असतानाच शेतात पोचू लागला. युद्धाच्या त्या काळात मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी पौंड जादा आले, असा हिशेब तेव्हापासून सांगितला जातो.

पण आपला माल फारसा चांगला नव्हता. खानदेशी कापूस आखूड धाग्याचा. त्यात तेजी आल्यावर भेसळ सुरू झाली. सरकी, माती, वजन वाढावं म्हणून पाणी. लँकेशायरमध्ये पश्चिम हिंदुस्थानच्या सगळ्याच कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत, आणि तिथल्या एका प्रार्थनासभेचा किस्सा प्रसिद्ध आहे. देवा, आम्हाला कापूस दे, अशी प्रार्थना चालू असताना मागून एक गिरणी कामगार म्हणाला, पण सुरत नको. भेसळ रोखायला मुंबई सरकारला १८६३मध्ये खास कायदा करावा लागला. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर हिंगणघाटच्या चांगल्या कापसाचं बी आणून इथे रुजवायच्या मागे लागले. त्यांची पद्धत समजुतीची कमी आणि सक्तीची जास्त होती.

१८६५च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मुंबईतल्या बँका आणि समुद्र हटवायला निघालेल्या कंपन्या पत्त्यांसारख्या पडल्या, प्रेमचंद रायचंदसकट. ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. खानदेशच्या बाजूने मला त्यातलं वेगळंच बोचतं. गिऱ्हाईक आपल्याकडे आलं होतं ते आपल्या मालावर भाळून आलं नव्हतं. दुसऱ्याने दार लावलं म्हणून ते आलं होतं, आणि दार उघडल्यावर त्यातलं बरंचसं परत गेलं. पण सगळं गेलं नाही, हेही तितकंच खरं. अमेरिकेची मक्तेदारी पहिल्यासारखी पुन्हा बसली नाही. हिंदुस्थान, इजिप्त, ब्राझील हे पर्याय आहेत हे खरेदीदारांना एकदा कळलं होतं.

यानंतरचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं, आणि ते जवळजवळ कुणाला माहीत नाही.

१९२३मध्ये इंडियन कॉटन सेस ॲक्ट आला. कापसाच्या ४०० पौंडांच्या गाठीमागे कर. पहिली ३ वर्षं चार आणे, मग दोन आणे. हा कर परदेशी जाणाऱ्या गाठीवर होता आणि देशातल्या गिरण्यांत जाणाऱ्या गाठीवरही. दोघांवर सारखाच असल्यामुळे त्याने माल अडवला नाही, वळवलाही नाही. बाहेरच्या आणि इथल्या गिऱ्हाईकात त्याने भेद केला नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हा पैसा सरकारी तिजोरीत मिसळला नाही. तो इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीकडे जायचा आणि कापसाच्याच सुधारणेवर खर्च व्हायचा. १९२४मध्ये मुंबईत माटुंग्याला धागा तपासण्याची प्रयोगशाळा उभी राहिली, ती यातूनच. ती संस्था आजही तिथे आहे.

या कामाचं फळ खानदेशात आलं ते जळगावच्या शेतात निवडलेल्या वाणाच्या रूपाने. त्याचं नाव जरीला. त्याआधी खानदेशातला शेतकरी जो कापूस लावायचा त्याला रुईचा उतारा चांगला होता, म्हणजे जिनिंगमध्ये सरकी काढल्यावर रुई जास्त निघायची, पण धागा आखूड आणि जाडाभरडा. व्यापारी धाग्यासाठी नाक मुरडायचे आणि शेतकरी उताऱ्यासाठी तोच लावायचा. दोघांचंही बरोबर होतं. जरीलाचा धागा लांब होता आणि मर रोगापुढेही तो टिकायचा. १९३०च्या दशकात तो शेतकऱ्यांपर्यंत पोचला आणि १९४०च्या दशकात मुंबईच्या कापूस वायद्यात जरीला हाच पाया धरलेला प्रकार होता. म्हणजे बाकीच्या कापसाचा भाव जरीलाच्या वर किंवा खाली असा ठरायचा. पौन शतक आधी ज्या कापसाला देवासमोर नकार दिला जात होता, त्याच मुलखातला हा वाण!

हे फार गोड करून सांगायची गरज नाही. दोन आणे शेवटी शेतकऱ्याच्या भावातूनच वजा होत असणार, आणि कमिटीत गिरणीवाल्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि अधिकाऱ्यांचा आवाज मोठा होता. लांब धागा हवा होता तो त्यांना. तरीही निर्यातीवरचा कर फिरून बियाण्याच्या रूपाने बांधावर परत आला, असं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. १९६६मध्ये ती कमिटी संपली आणि काम केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेकडे गेलं.

स्वातंत्र्यानंतर निर्यात कराचं काम बदललं. जगात भाव चढले की माल देशात रोखून धरायचा आणि खाली आले की सोडायचा, यासाठी तो वापरला जाऊ लागला. कापसावर मला आठवणारा असा प्रसंग एप्रिल २०१०चा. रुईवर टनाला २,५०० रुपये निर्यात कर लागला. १७० किलोच्या गाठीला हे ४२५ रुपये होतात. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते असं धरलं, तर शेतकऱ्याच्या क्विंटलमागे ८५ रुपये. हे तसं झेपण्यासारखं होतं. पण दहा-बारा दिवसांत सरकारने निर्यातीच्या सौद्यांची नोंदणीच थांबवली. कर महाग असतो, पण त्याचा हिशेब करता येतो. बंदीचा हिशेब करता येत नाही. ५ मार्च २०१२ला तर कापूस निर्यातीवर थेट बंदीच आली. कृषिमंत्री शरद पवारांनी उघड विरोध केला, आणि आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली. सूतगिरण्यांना स्वस्त रुई हवी होती, म्हणून हे चाललं होतं. गिरणी कामगारांचा रोजगार हाही काही खोटा मुद्दा नाही. पण तो वाचवायचा खर्च जळगावच्या कापूसवाल्याने का उचलायचा, याचं उत्तर कुणी देत नव्हतं.

आता पुन्हा कांदा. २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. जुलैत टोमॅटोने शहरांना रडवून झालं होतं आणि पाच राज्यांच्या निवडणुका समोर होत्या. सरकार घाबरलं ते उगाच नाही. सीमाशुल्क दर कायद्याचं कलम ८ केंद्राला तातडीने निर्यात कर लावायचा अधिकार देतं, त्यामुळे एका शनिवारी संध्याकाळी हे होऊ शकलं. पाठोपाठ सरकारने २,४१० रुपये क्विंटलने कांदा खरेदी जाहीर केली. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला किमान ८०० डॉलरची अट आली. ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. २५ एप्रिल २०२४ला गुजरातमधला २,००० टन पांढरा कांदा तेवढा बाहेर जायला मोकळा झाला. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते इथे देता येणार नाही. ४ मेला बंदी उठली, पण चाळीस टक्के परत आले, टनाला ५५० डॉलरच्या अटीसह. सप्टेंबरात ती अट गेली आणि कर वीस टक्क्यांवर आला. १ एप्रिल २०२५ला शून्य.

पंधरा दिवसांनी काय नियम असेल हे सांगता येत नाही, तर परदेशी खरेदीदार वर्षाचा सौदा कशाला करेल? २०१९मध्ये बंदी आली तेव्हा शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या होत्या की आचाऱ्याला कांदा न घालायला सांगितलंय, पुढच्या वेळी आधी कळवलं तर बरं. त्यानंतर बांगलादेशाने स्वतःची लागवड वाढवली. भारताची कांदा निर्यात २०२२-२३मध्ये सुमारे २५ लाख टन होती. पुढच्या वर्षी ती १७ लाखांवर आली, आणि २०२४-२५मध्ये मार्चच्या मध्यापर्यंत जेमतेम साडेअकरा लाखांवर. शेवटच्या वर्षात बहुतेक काळ बंदी नव्हती. दार उघडं होतं, पण गिऱ्हाईक पूर्वीइतकं आलं नाही. १८६५नंतर जे दक्षिणेकडच्या मळेवाल्यांना कळलं, तेच आपल्याला कळत होतं.

२०२४च्या लोकसभेत धुळ्याची जागा भाजपने ३,८३१ मतांनी गमावली. कांदा हे एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. कापसाच्या आणि केळीच्या शेजारच्या जळगाव-रावेरमध्ये तोच पक्ष जिंकला. पण इतक्या कमी फरकात एखादं कारण मोजायचं राहिलं तर चालत नाही.

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या हिवाळ्यात बंदी आल्यावर पुण्यात माझ्या घरी कांदा स्वस्त झाला. मी तो आनंदाने घेतला. मामांची उन्हाळ कांद्याची चाळ तोवर रिकामी झाली होती. मनात धरलेल्या भावाच्या बऱ्याच खाली त्यांनी तो सप्टेंबरातच विकला होता. भाजीवाल्याकडून घरी येताना फोन केला तर ते म्हणाले, "तुले तरी स्वस्त मियना ना?" चिडून नाही, खरंच विचारत होते. मी विषय बदलला.

१ एप्रिल २०२५ला कर गेला, तेव्हा त्यांनी अर्ध्या रानात कांद्याऐवजी मका आणि कपाशी घ्यायचं ठरवलेलं होतं. कपाशीवर सरकार सहसा रात्रीतून काही करत नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१२चं त्यांना आठवत नव्हतं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

मग १९ ऑगस्ट २०२५ उजाडला. बरोबर दोन वर्षांनी, तीच तारीख. बाहेरून येणाऱ्या कापसावरचा अकरा टक्के आयात कर त्या दिवसापासून माफ झाला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपला नवा कापूस बाजारात येतो तो याच महिन्यांत. ग्रुपवर पुन्हा एक पीडीएफ आली, पुन्हा इंग्रजीत. मामांचा फोन यायच्या आधी मीच लावला. ते शेतात होते, मागे पंपाचा आवाज येत होता. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे आते बाहेरना कापूस स्वस्त?"

"हो."

"आनि आपला?"