सोन्याहून महाग पिसं

मंडळी, आज फ्लोरिडातल्या बगळ्यांबद्दल बोलू. तिथला स्नोई इग्रेट आपल्या लहान बगळ्यासारखाच दिसतो : पांढराशुभ्र, काळे पाय, पिवळे पंजे. विणीच्या हंगामात त्याच्या पाठीवर झालरीसारखी नाजूक पिसं येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पिसं बायकांच्या टोप्यांवर खोवायची फॅशन आली आणि वजनाला वजन धरलं तर त्यांचा भाव सोन्याच्याही वर गेला. पिसं विणीतच मिळतात, म्हणून शिकारी थेट घरट्यांवर जायचे. आईबाप मारले की पिल्लं उपाशी मरायची.

1902 मध्ये तिथे गाय ब्रॅडली हा रक्षक नेमला गेला. पोरवयात त्यानेही पिसांसाठी बगळे मारले होते! 8 जुलै 1905 ला शिकाऱ्यांना अडवायला गेला आणि गोळी लागून मेला. मारणाऱ्यावर खटलासुद्धा उभा राहिला नाही.

मला मात्र बोस्टनच्या बायकांचं काम अधिक मोलाचं वाटतं. 1896 मध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी चहाला बोलावून बोलावून मैत्रिणींना पिसांच्या टोप्या सोडायला लावल्या. गिऱ्हाइकालाच हात घातला! 1910 मध्ये न्यूयॉर्क राज्याने विक्रीविरुद्ध कायदा केला, 1918 मध्ये देशभराचा कायदा आला. (भारतातून पिसं निर्यात करायला 1902 मध्येच बंदी झाली होती; चोरटा व्यापार चालूच राहिला.)

बगळे परतले. पुढे कालवे खणून एव्हरग्लेड्सचं पाणी वळवलं, तेव्हा तिथले पाणपक्षी पुन्हा घटले. ते पाणी परत आणण्याची योजना 2000 मध्ये मंजूर झाली. काम अजून चालू आहे.