पाणी, मुक्काम आणि रात्रभरचे नाटक : बनशंकरीच्या जत्रेची कुळकथा

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही विस्तीर्ण वसाहत कनकपुरा रस्त्यावरील ज्या देवळामुळे त्या नावाने ओळखली जाते, ते देऊळ 1915 साली उभे राहिले; या देवतेचे मूळ पीठ मात्र तेथून सुमारे साडेचारशे किलोमीटर उत्तरेला, बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळच्या चोळचगुड्ड गावाच्या शिवारात आहे. बेंगळुरूच्या देवळात राहुकाळी, म्हणजे एरवी शुभकार्यासाठी वर्ज्य मानलेल्या दिवसातील दीड तासाच्या वेळेत, लिंबाची अर्धी साल उलटी करून तिच्यात तुपाची वात लावण्याची प्रथा आहे आणि दर्शन घेऊन भक्त तासाभरात घरी परततो. मूळ पीठाची जत्रा याच्या अगदी उलट, मुक्कामाची आहे. जलाशयाकाठी तळ देऊन राहायचे, दिवसा पाण्यात उतरायचे आणि रात्री गाणे-नाटक पाहायचे, हा जो बेत आज तंबूंच्या पर्यटनस्थळांवर आणि संगीत महोत्सवांत पैसे मोजून विकत घेतला जातो, त्याचे दक्षिण महाराष्ट्राला आणि उत्तर कर्नाटकाला परिचित असलेले कूळ या जत्रेत सापडते.

या तिन्हींपैकी पाणी सर्वांत जुने आहे. बनशंकरी म्हणजेच शाकंभरी, आणि दुर्गासप्तशतीत आलेल्या कथेनुसार शंभर वर्षांच्या अवर्षणात देवीने आपल्या देहातून उपजलेल्या भाजीपाल्यावर लोकांना जगवले, म्हणून तिला हे नाव मिळाले. बदामीचा प्रदेश पर्जन्यछायेतला, तांबड्या वालुकाश्माच्या डोंगरांचा आणि कोरड्या हवेचा असल्यामुळे या कथेला तेथे निराळेच वजन आहे. सिंहावर बसलेली, आठ हातांची, काळ्या पाषाणाची ही देवी बदामीच्या चालुक्यांची कुलदेवता मानली जाते. महाराष्ट्रातील अनेक देशस्थ घराण्यांचे आणि देवांग कोष्टी समाजाचेही ते कुलदैवत आहे. देवळाचे आजचे रूप 1750 साली परशुराम आगळे या मराठा सरदाराने केलेल्या जीर्णोद्धाराचे असून, देवळासमोर सुमारे 360 फूट लांब आणि तितकेच रुंद असे दगडी तळे आहे. त्याला हरिद्रातीर्थ म्हणतात आणि हे नाव मुळात हरिश्चंद्रतीर्थ असे होते, असे सांगतात. तळ्याच्या तीन बाजूंना दगडी खांबांच्या ओवऱ्या आहेत, आणि या ओवऱ्यांमुळेच स्नानासाठी आलेल्या माणसाची सावलीची आणि पाठ टेकण्याची सोयही पाण्याच्या काठीच झाली.

पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत शाकंभरी नवरात्र असते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी देवीला एकशे आठ भाज्यांचा नैवेद्य दाखवतात, त्या सणाला कानडीत ‘पल्लेद हब्ब’, म्हणजे भाज्यांचा सण, म्हणतात. आणि रथ ओढला जातो ती पौर्णिमा ‘बनद हुण्णिमे’ या नावाने ओळखली जाते. याच काळात हरिद्रातीर्थावर एक विधी होतो. केळीचे खुंट शेजारी शेजारी बांधून तराफा करतात, त्यावर तान्ह्या बाळाला निजवतात आणि आईबापांच्या डोळ्यांदेखत तो तराफा तळ्याच्या पाण्यातून फिरवून परत काठाला आणतात. देवीच्या पाण्यावर तरंगून आलेले मूल पुढच्या आयुष्यातही तरून जाईल, ही त्यामागची श्रद्धा. तळ्यात उतरणे हे येथे आधी व्रत होते आणि त्याला लागून आलेली मौज पुढे आपोआप वाढत गेली.

मुक्काम आला तो बैलगाडीमुळे. दोन-दोन, तीन-तीन दिवसांची मजल मारून आलेले कुटुंब स्नान आणि दर्शन उरकून त्याच संध्याकाळी परतणे शक्य नव्हते. बैलांना विसावा हवा, वैरण हवी, आणि एवढ्या लांब आल्यावर वर्षाचा बाजारही करून जायला हवा. म्हणून गाड्या सोडून, जू टेकवून, गाडीच्याच आडोशाला चूल मांडून तळ पडत असे. पौषात सुगीचा बराच भाग उरकलेला, नदीनाल्यांना अद्याप पाणी, आणि हवा थंड. त्यामुळे उघड्यावर राहण्यास हा काळ सोयीचा. मुक्काम वाढला तसा बाजार वाढला: जनावरांचा बाजार, कोरीव लाकडी चौकटी आणि दरवाजे, गुळेदगुड्डचे खण, इरकल लुगडी. ही जत्रा आजही जवळपास महिनाभर चालते, आणि नवरात्र आठ दिवसांचे असूनही जत्रा महिन्याची का, याचे उत्तर या बाजारात आहे.

मुक्काम आणि करमणूक यांची अशी सांगड इतरत्रही दिसते. पंढरीच्या वारीत पालखीच्या मुक्कामाच्या जागेला ‘तळ’ म्हणतात आणि तेथेही पाण्याची सोय पाहून जागा ठरते, रात्री कीर्तन होते. तमाशाच्या फडांच्या बाबतीत हाच क्रम उलटलेला दिसतो: गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडमालक राहुट्या ठोकून बसतात आणि गावोगावचे पंच येऊन आपल्या जत्रेसाठी सुपारी देऊन जातात. पहिल्या ठिकाणी लोक मुक्कामाला आहेत म्हणून करमणूक त्यांच्याकडे येते, दुसऱ्या ठिकाणी करमणूक मुक्कामाला आहे म्हणून लोक तिच्याकडे जातात. बनशंकरीला या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

त्या एकत्र येण्यामागे मराठी आणि कानडी रंगभूमीची देवाणघेवाण आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी तसे मराठीत करण्यास सुचवले आणि 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले. बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आणले, आणि त्या काळात मराठी नाटक मंडळ्या हुबळी, धारवाड, गदग असा दौरा करत. त्यांना मिळणारी गर्दी पाहून गदगच्या शांतकवींसारख्यांनी कानडी नाटके लिहून कानडी मंडळी उभी केली. 1884 साली सोलापूरजवळच्या होटगीपासून गदगपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि बदामी या मार्गावरचे स्थानक झाले. पडदे, पेट्या, कनाती आणि पन्नास-साठ माणसांचे बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या कंपनीला आणि कुलदेवतेला निघालेल्या सोलापूरकडच्या मराठी कुटुंबाला एकच गाडी मिळाली. हा बहुतेक भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात असल्याने दोन्ही भाषांचा राबता त्यावर कायम राहिला.

जत्रेत नाटक कंपनी जे थिएटर उभारते ते बहुधा बांबू, लाकूड आणि पत्र्यांचे असते. पुढे खुर्च्या, मागे बाकडी, एका कडेला हार्मोनियम आणि तबला. कंपनीच्या अशा मुक्कामाला उत्तर कर्नाटकात ‘क्यांप’ म्हणतात. एकाच जत्रेत अनेक कंपन्या शेजारी शेजारी क्यांप टाकतात आणि प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतात. प्रयोग इतके लांबण्याचे कारण केवळ कलेत शोधून भागत नाही. ते प्रेक्षकाच्या अडचणीतही आहे. थंडीच्या रात्री माळावर झोपण्यापेक्षा तिकीट काढून छपराखाली गर्दीच्या उबेत बसणे गाडीवानाला अधिक सोयीचे होते, आणि कंपनीही ही सोय ओळखून पद, विनोद आणि करुण प्रसंग रात्रभर पुरतील अशा बेताने लावत असे. बेळगावकडचे एणगी बाळप्पा यांच्यासारखे नट-गायक याच फिरत्या, क्यांपवाल्या रंगभूमीचे. धारवाड-गदगच्या ज्या पट्ट्यातून ही मंडळी हिंडली, त्याच पट्ट्यातील कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी संगीत रंगभूमीवर गायले. त्यांचे शिष्य, 1922 साली जन्मलेले, गदगचे भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 साली पुण्यात सुरू केलेला महोत्सव अनेक वर्षे मांडवात रात्रभर चालत असे.

अमेरिकेत ऑगस्ट 1969 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर जो वुडस्टॉक महोत्सव झाला, त्यात चार लाखांहून अधिक तरुण चिखलात तंबू टाकून राहिले आणि जवळच्या तळ्यात न्हाले. पुढे जगभर तो तंबूतल्या संगीत महोत्सवाचा नमुना ठरला. घटक तेच असले, तरी क्रम उलटा होता: तेथे गाणे आधी ठरले आणि मुक्काम व पाणी गरजेपोटी मागून आले. आज पवना जलाशयाकाठी मिळणारे तंबू, शेकोटी आणि गिटारचे गाणे, किंवा बेंगळुरूच्या आसपास भरणारे मुक्कामी महोत्सव, हे याच दुसऱ्या क्रमाचे आहेत. त्यांत मुक्काम अडचण म्हणून येत नाही. तोच विक्रीचा माल असतो.

वाहन बदलले की या रूढीचे काय होते, हे बनशंकरीच्या दोन देवळांची तुलना केली तर स्पष्ट होते. बेंगळुरूच्या देवळाला मेट्रोचे स्थानक जवळ आहे. तेथे दर्शन टिकले, पण मुक्काम कधी रुजलाच नाही, आणि म्हणून रात्रभरचे नाटकही आले नाही. चोळचगुड्डला मोटारी आल्यावर बैलगाड्या घटल्या, पाऊस कमी झाला की हरिद्रातीर्थही कोरडे पडते. तरी नाटक कंपन्या अजून येतात, कारण वर्षभराच्या तुटीची भरपाई त्यांना या एका महिन्यात करायची असते आणि आसपासच्या तालुक्यांतील प्रेक्षक केवळ नाटकासाठीही रात्री येतो. यावरून जत्रेच्या इतिहासाबद्दल एवढे निश्चित म्हणता येते की भक्ती माणसांना पाण्यापर्यंत आणते, बाजार त्यांना थांबवतो, आणि करमणूक त्या थांबलेल्या रात्रीवर जगते. या कंपन्यांना अनुदान आणि पुरस्कार देताना जत्रेतील त्यांची जागा, तळ्यातील पाणी आणि मुक्कामाची सोय राखली गेली नाही, तर नाटक वाचवण्याचे बाकीचे उपाय अपुरे पडतील.