एका गंजलेल्या बोल्टाची कुळकथा



जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाला अगदीं लागून, पुणें-नाशिक रस्त्यावर वारूळवाडी म्हणून एक गांव आहे. वारूळ म्हटलें कीं वाळवी आठवते. आणि वाळवी जशी लांकडाला, तसा गंज लोखंडाला. बाहेरून अंग शाबूत दिसतें, आंतून तें भुसभुशीत झालेलें असतें. या गांवीं एका आप्तांच्या गोठ्याशेजारीं वर्षानुवर्षें उभी असलेली जुनी जीप मीं स्वतः उघडली. तिच्या नटबोल्टांनीं मला जो धडा दिला, तो आज आपणांस सांगावयाचा आहे.

गंजलेले नट फेकून बाजारांतून नवे आणावे, हें सोपें वाटतें. मींही तसेंच केलें. आठ मिलिमीटरचा नवा नट जुन्या बोल्टावर चढवूं लागलों. एक-दोन फेरे सुखानें गेले, पुढें तो अडला. पान्याला जोर दिला आणि बोल्टाचे आटे कातरून निघाले. दोष नटाचा नव्हता, बोल्टाचाही नव्हता; मला दोघांचें कूळ ठाऊक नव्हतें. जीप अमेरिकन वंशाची. तिचा पांच-षोडशांश इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आठच मिलिमीटर जाडीचा. पण त्याच्या बारीक आट्यांची संख्या इंचाला २४, आणि माझ्या मेट्रिक नटाची सुमारें २०.

ही भिन्नता आली कोठून? पूर्वीं प्रत्येक कारखाना आपआपल्या मापाचे आटे पाडीत असे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश यंत्रज्ञानें ५५ अंशांच्या कोनाचें एकच प्रमाण सुचविलें. १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें ६० अंशांचा, पाडण्यास अधिक सोपा आटा पुढें मांडला. युरोपच्या भूमीवर मेट्रिक माप रुजलें. दुसऱ्या महायुद्धांत मित्रराष्ट्रांच्या यंत्रांचे सुटे भाग परस्परांस लागू पडेनात. तेव्हां शहाणपण सुचून नोव्हेंबर १९४८ मध्यें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं सामाईक प्रमाण मान्य केलें.

मुंबईंत हीं निरनिराळीं कुळें एकत्र नांदलीं. महिंद्र यांनीं १९४० च्या दशकाच्या अखेरीस जीप जोडण्यास आरंभ केला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें आधीं अमेरिकन आणि पुढें इटालियन वंशाच्या फियाट गाड्या बांधल्या. १९५६ च्या कायद्यानें देशानें मेट्रिक मापें स्वीकारलीं, तरी इंची बोल्ट गाड्यांच्या अंगांत तसेच राहिले. म्हणून जुना बोल्ट हा गाडीच्या जन्माचा दाखला आहे. तो फेकण्याआधीं वाचावा; आणि वाचण्यासाठीं स्वच्छ करावा.

हें काम घरीं होण्याजोगें आहे. प्रत्येक बोल्टाची मूळ जागा चिठ्ठीवर लिहून ठेवावी. रॉकेलांत रात्रभर भिजवून वंगण काढावें. मात्र तें मोकळ्या हवेंत, चुलीपासून दूर. सुटा गंज तारेच्या ब्रशानें झाडावा. उरलेल्या गंजावरचें औषध स्वयंपाकघरांतच आहे. पितळेचीं भांडीं चिंचेनें उजळतात, कारण तिच्यांतील आम्ल धातूवरील मळ विरघळवितें. लोखंडाच्या गंजावर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचें पाणी हेंच काम करतें. मधून मधून पाहत जावें. गंज संपला कीं आम्ल लोखंडालाच हात घालतें. मग बोल्ट खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत बुचकळून, धुऊन, तत्काळ कोरडा करावा आणि तेलाचा हात द्यावा. ओला राहिला तर पाहतां पाहतां पुनः तांबूस होतो.

मूळच्या बोल्टावर बहुधा जस्ताचा पातळ थर असतो. तो गंजांत आणि आम्लांत गेलेला असतो. जस्त आपल्याकडे नवें नव्हे. राजस्थानांत जावर येथें तें मध्ययुगांत ऊर्ध्वपातनानें काढीत. वितळलेल्या जस्ताचा लेप लोखंडाला देण्याच्या कृतीचें पेटंट १८३७ सालीं सोरेल या फ्रेंच गृहस्थानें घेतलें. आपल्या कल्हईंतलें कथिल लोखंडावर चढविलें, तर तें केवळ झांकतें. ओरखडा पडला कीं तेथून गंज अधिकच वेगानें शिरतो. जस्त मात्र ओरखडल्यावरही स्वतः झिजून लोखंडाला राखतें. म्हणून स्वच्छ केलेले साधे बोल्ट मुलामा देणाऱ्या कारागिराकडून जस्ताचे करून घ्यावे.

मीं ‘साधे’ म्हटलें, तें जाणूनबुजून. ज्याच्या माथ्यावर १०.९ किंवा अधिक आंकडा, अथवा इंची बोल्टावर सहा रेघा असतात, तो फार कणखर पोलादाचा. आम्लांत बुडविल्यानें निघणारा हायड्रोजन अशा पोलादांत शिरतो. बोल्ट दिसतो धडधाकट, आणि ताण बसल्यावर कांहीं तासांनीं वा दिवसांनीं अवचित तुटतो. काळा रंग आणण्यासाठीं तो तापवून तेलांत टाकला, तर त्याचें पाणी उतरतें. सुकाणू, ब्रेक आणि चाकें यांच्या बोल्टांना खड्डे पडले असतील, तर ते उजळीत बसूं नये. त्याच मापाचे, त्याच आट्यांचे आणि त्याच बळाचे नवे आणावे. तेथें केलेली काटकसर माणसाच्या जिवावर बेतते.

वारूळवाडीच्या त्या जीपचे बहुतेक बोल्ट पुनः आपापल्या जागीं गेले. सुकाणूचे तेवढे नवे आणले. माझ्या हातून कातरला गेलेला तो एक बोल्ट मीं मेजाच्या खणांत ठेविला आहे. आतां कोणताही पाना उचलण्यापूर्वीं मीं आधीं आटे मोजतों.